वेताच्या पेटाऱ्यातली पंडिता

शाळेची सहल म्हटली की ठिकाणे ठरलेली असतात. रायगड, प्रतापगड-महाबळेश्वर, नाहीतर अष्टविनायकांतले दोन-तीन गणपती. घणसोली गावात मी मराठी शिकवू लागले त्याला आता बरीच वर्षे झाली, आणि या सगळ्या ठिकाणी मी मुलांबरोबर दोन-दोन, तीन-तीनदा जाऊन आले. म्हणून त्या वर्षी दहावीच्या मुलींची सहल केडगावला न्यावी असे मी सुचवले. पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातले केडगाव; पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन जिथे आहे ते.

शिक्षकांच्या खोलीत कुणी काही बोलले नाही, पण पालकसभेत बोलले गेले. मिशन हा शब्द ऐकताच मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. ते ख्रिस्ती लोकांचे ठिकाण ना, मग आमच्या मुलींचे तिथे काय काम, असे एका गृहस्थांनी सरळ विचारले. प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. मी सांगितले की आपण एका मराठी बाईचे काम बघायला चाललो आहोत. काय पटले, काय नाही, ते मुली घरी येऊन सांगतील.

तेवढ्यात एक आजी उठल्या. त्यांना सगळे गाव ओळखते, कारण त्या धवलारीण आहेत. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारणीवाचून पान हलत नाही. मांडवात विधी चालतात तेव्हा धवलारीण धवले म्हणते, आणि कोणत्या वेळी काय करायचे ते तिच्या गाण्यातून पुढे सरकते. या आजींना अक्षरओळख नाही, पण रात्रभर म्हटले तरी संपणार नाहीत इतके धवले त्यांना पाठ. त्यांची नात माझ्या वर्गात होती. मराठीत पहिली, पण दहावीनंतर तिचे शिक्षण थांबवायचे असे घरात जवळजवळ ठरलेले. कॉलेज लांब, गाडीची गर्दी, आणि एक स्थळ सांगून आलेले. आजींनी जाहीर केले की नातीला पाठवायचे तर आपणही बरोबर येणार आणि बाई काय दाखवतात त्यावर लक्ष ठेवणार. मला ते बरेच वाटले.

एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतली होती. पहाटे साडेचारला मुली देवळापाशी जमल्या. आजी पहिल्या बाकावर खिडकीशी बसल्या, पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी. ठाणे-बेलापूर रस्ता मागे पडला, पनवेल गेले, आणि खंडाळ्याचा घाट चढताना उजाडू लागले तेव्हा मी रमाबाईंची हकिकत सांगायला सुरुवात केली. जागा योग्य होती, कारण ती गोष्ट याच सह्याद्रीत, पण खूप दक्षिणेला सुरू होते.

डोंगरातले घर

अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले विद्वान. तरुणपणी ते पुण्याला शिकायला होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. बाईमाणूस संस्कृत म्हणते हे त्या मुलाने ऐकले आणि ते त्याच्या मनात घर करून राहिले. पुढे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, यात्रेत असताना, गोदावरीच्या काठी एका ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. ही लक्ष्मीबाई. अनंतशास्त्र्यांनी तिला संस्कृत शिकवायला घेतले तेव्हा आप्त आणि गाव दोन्ही बिथरले. उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे उभे राहून त्यांना आपली बाजू शास्त्राधारे मांडावी लागली. शेवटी ते बायकोला घेऊन तुंगा-भद्रेच्या उगमाजवळ गंगामूळच्या रानात राहायला गेले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

घर फार दिवस टिकले नाही. पाहुणचार आणि विद्यार्थ्यांचे जेवणखाण यांत शास्त्रीबुवांची पुंजी सरली आणि रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब यात्रेला निघाले ते कायमचेच. वेताच्या पेटाऱ्यात घालून, एका माणसाच्या डोक्यावरून ती डोंगर उतरली. तीर्थाच्या ठिकाणी मुक्काम करायचा, पुराण सांगायचे, दक्षिणा मिळेल त्यावर गुजराण करायची, असे ते आयुष्य. रमाला शिकवले ते आईने. दिवसभर कामाचा रगाडा असल्यामुळे पहाटे, पक्षी जागे व्हायच्या सुमाराला, आई तिला उठवून मांडीवर घेई आणि तोंडाने म्हणून घेई. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीला मुखोद्गत झाले.

इथे धवलारीण आजी प्रथमच खिडकीतून वळल्या. सारे तोंडानेच का, पुस्तक नव्हते का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, आधी तोंडाने, मग अक्षर. आजी पुन्हा बाहेर बघू लागल्या. त्यांनी आपले धवले मावशीच्या मागे मांडवात बसून असेच उचलले होते, हे मला नातीने नंतर सांगितले.

दुष्काळाची पायपीट

लोणावळ्याला चहा झाला आणि पुढची गोष्ट निघाली. तिला तोंडी लावायला काही गोड नव्हते. दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार आणि दक्षिणा कोण देणार? मजुरी करायची यांना सवय नव्हती, आणि ब्राह्मणाने हलके काम करू नये हा अभिमान उपाशी पोटीही सुटेना. भांडी गेली, वस्त्रे गेली. रानातला पाला आणि फळे खाऊन दिवस काढले. १८७४ च्या सुमारास वडील गेले, पाठोपाठ आई गेली. आईला स्मशानात न्यायला खांदेकरी मिळेनात. भाऊ श्रीनिवास आणि दोन ब्राह्मण मिळून तिघे, चौथी रमा. ती उंचीने कमी, म्हणून तिरडीची बाजू खांद्यावर न घेता तिने डोक्यावर घेतली आणि तशीच ती तीन मैल चालली. मग बहीणही गेली.

उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली, पार पंजाब-काश्मीरपर्यंत. थंडीत पुरेसे कपडे नव्हते. नदीकाठच्या वाळूत खड्डे करून अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची अविवाहित मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ज्या विद्येसाठी बापाला गाव सोडावे लागले, त्याच विद्येचा मुलीच्या बाबतीत जाहीर सत्कार झाला.

पण सुख या बाईच्या वाट्याला नेहमी हातच्याएवढेच आले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारीदास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते वेगळ्या जातीचे, त्यामुळे दोन्हीकडचे लोक दुरावले. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि पुढच्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, पटकीने नवरा गेला. रमाबाई तेव्हा पुरत्या चोवीस वर्षांच्याही नव्हत्या. आईबाप नाहीत, भाऊबहीण नाहीत, नवरा नाही, कडेवर तान्ही मुलगी.

गाडीत कुणी बोलत नव्हते. आजींनी एका मुलीला भाकरी पुढे केली आणि मला पुढचे सांगायला खुणावले.

पुण्यातला वाद

पुणे ओलांडून आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो. रमाबाईंच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला वाद याच शहरात झाला. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. न्यायमूर्ती रानडे यांच्या घरच्या मंडळींशी त्यांचा स्नेह जडला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असे आग्रहाने सांगितले. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या विक्रीच्या पैशाची मदत घेऊन १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचे होते, पण कानांनी दगा दिला. बहिरेपण वाढत गेल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला.

तिथेच, वाँटेजच्या जोगिणींच्या मठात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. बहुतेकांना तो विश्वासघात वाटला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’ मधून त्यांची बाजू घेतली. गंमत अशी की ज्यांच्या धर्मात त्या गेल्या त्यांनाही त्या मुठीत सापडल्या नाहीत. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आपल्या देशाची संस्कृत का नको, असा वाद त्यांनी घातला. जेवण शाकाहारीच ठेवले. कुणी सांगितले म्हणून एखादे मत मानायचे नाही, आपल्या बुद्धीला पटले तरच मानायचे, हा वडिलांचा वारसा त्यांनी धर्म बदलला तरी बदलला नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि मग जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहून गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये त्यांच्या कामाला मदत करण्यासाठी मंडळ स्थापन झाले. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. विधवा मुलींनी राहावे, शिकावे, पायांवर उभे राहावे, यासाठी ही शाळा. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि पुढे कर्व्यांचे हिंगण्याचे काम उभे राहिले. एका घरात पेटलेला दिवा दुसऱ्या घरात कसा जातो त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे, असे ठरले होते. पण रमाबाई पहाटे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसत. त्यांना हाकलायचे नाही, अशी रमाबाईंची भूमिका. हा धर्मप्रसार आहे, असे ‘केसरी’ने बजावले. सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही १८९३ मध्ये अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

मी मुलींपासून हे लपवले नाही. ज्यांनी शब्दावर विसंबून मुली पाठवल्या त्या पालकांना फसवणूक वाटली असेल तर तीही समजून घेण्यासारखी आहे, आणि विधवेच्या पुढे दुसरे कोणतेच दार उघडे नव्हते हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवायला शिकणे हाही सहलीचाच भाग, असे मी म्हटले. त्यावर धवलारीण आजींच्या नातीने हात वर केला. आपल्या लोकांत तर विधवेचे दुसरे लग्न लागत असे, केस काढायची रीत नव्हती. मग ही सगळी ब्राह्मणांच्या घरातली गोष्ट झाली, आपला तिच्याशी संबंध काय, असे तिने विचारले. प्रश्न अगदी नेमका होता. याचे उत्तर केडगावला गेल्यावरच मिळेल, असे मी सांगितले.

माळावरचे गाव

चौफुल्याला गाडी वळली आणि थोड्याच वेळात आम्ही मिशनच्या आवारात होतो. आधी पत्र लिहून परवानगी घेतली होती. मोठी झाडे, शांत रस्ते, लांबवर शेत, आणि मध्ये ते मोठे प्रार्थनामंदिर. मुलींना तिथेच सावलीत बसवले आणि प्रश्नाचे उत्तर दिले.

रमाबाईंनी केडगावची ही जवळपास शंभर एकर जमीन शारदा सदनाला उत्पन्न असावे म्हणून घेतली होती. उजाड माळ होता तो. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली ही बाई घरी बसून राहणे शक्यच नव्हते. ती तिकडे गेली आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आली. पुण्यात तेव्हा प्लेगमुळे कडक बंदोबस्त होता. इतक्या माणसांना शहरात ठेवता येईना. म्हणून त्यांना या माळावर आणले. झोपड्या आणि तंबू उभे राहिले, विहिरी खणल्या. या मुली कुणा एका जातीच्या नव्हत्या. शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, विणकरांच्या, रस्त्यावर टाकून दिलेल्या. उच्चवर्णीय विधवांसाठी सुरू झालेले काम इथे येऊन सगळ्यांचे झाले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो जणी आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. मनोरमेने अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध बायकांचा वर्ग सुरू केला.

दोन हजार हा आकडा धवलारीण आजींनी आपल्या मापाने मोजला. आपल्या लहानपणी माहेर आणि सासर अशी दोन्ही गावे मिळून इतकी माणसे नसतील, असे त्या म्हणाल्या. आणि लगेच, इतक्या जणींना खायला कोण घालत होते, हा घर चालवणाऱ्या बाईला सुचेल तोच प्रश्न त्यांनी विचारला. देणग्या परदेशातून येत, ख्रिस्ती लोकांकडून येत, हे मी सांगितले. पण निम्मे उत्तर त्यापुढे होते. इथल्या बायका शेती करीत, गाईगुरे सांभाळीत, माग चालवीत, तेलाचा घाणा चालवीत, आणि छापखानाही त्याच चालवीत. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी, सगळे काम त्यांच्या हातचे. आणलेल्या प्रत्येक मुलीला अक्षर आणि हाताला काम, असा इथला शिरस्ता. उपाशी राहू पण काम करणार नाही, या घरच्या अभिमानाने आपली माणसे नेली हे रमाबाई विसरल्या नव्हत्या.

मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि इथल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या, हेही मी मुलींना सांगितले.

अखेरच्या काळात रमाबाईंनी जे काम हाती घेतले ते माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षिकेला सगळ्यात जवळचे वाटते. बायबलचे मराठी भाषांतर होते, पण ते संस्कृतप्रचुर. दुष्काळातून आलेल्या मुलींना ते कळेना. तेव्हा उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून साध्या बोलीत सबंध ग्रंथ नव्याने उतरवायला बसल्या. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या पंडितेने संस्कृत शब्द एकेक करून बाजूला ठेवला आणि माळावरच्या बायकांचा शब्द घेतला. नवा करार १९१३ मध्ये छापून झाला. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, जिच्यावर सगळे काम सोपवायचे ती. त्या धक्क्यानंतरही भाषांतर थांबले नाही. काम संपत आले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. सबंध बायबल १९२४ मध्ये याच छापखान्यातून, याच बायकांच्या हातून बाहेर पडले.

आम्ही रमाबाईंच्या कबरीपाशी गेलो. मुली रांगेत उभ्या होत्या. आजी थोड्या बाजूला, पदर डोक्यावरून घेऊन. त्यांनी हात जोडले नाहीत आणि तोंडही फिरवले नाही. बराच वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

परतीच्या वाटेवर

संध्याकाळी गाडीत मुलींच्या गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. आजी माझ्याशेजारी येऊन बसल्या. देव बदलला ते आपल्याला पटले नाही, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले, आणि ते मत त्यांनी आजही सोडलेले नाही. पण त्या बाईने टाकलेल्या पोरींना टाकले नाही, हे मात्र आपण गावात सांगू, असेही म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले की त्या आईने पहाटे उठून शिकवलेले मुलीला पुढे लिहिता आले. आपले धवले कोण लिहिणार? सुनांना वेळ नाही, लग्ने हॉलमध्ये लागतात, डीजे लागला की धवलारणीचा आवाज कुणाला ऐकू जात नाही.

मला उत्तर द्यायची गरज पडली नाही. नात मागच्या बाकावरून ऐकत होती.

दुसऱ्या सोमवारी तिने दोनशे पानी वही आणली. रात्री जेवणे आटोपली की आजी म्हणायच्या आणि ती लिहायची. आगरी बोलीतले शब्द कसे लिहायचे ते माझ्याकडे विचारायला यायची. मी एखादा शब्द पुस्तकी करून सांगितला, की दुसऱ्या दिवशी तो खोडून आलेला असायचा. आजींनी वाचून घेतले आणि तो आपला नव्हे असे ठरवले. चुकले माझेच होते. साधा शब्द उचलायला रमाबाईंना काय पडले असेल ते मला त्या वहीने शिकवले.

दहावीचा निकाल लागला तेव्हा त्या घरात पुन्हा बोलणी झाली. मी गेले नव्हते. नंतर कळले की स्थळाचा विषय निघताच आजींनी वही पुढे ठेवली आणि ही पुरी व्हायची आहे, एवढेच म्हटले. मुलगी अकरावीला गेली. घणसोली स्टेशनवरून सकाळची गाडी पकडताना ती मला अधूनमधून दिसायची, पिशवीत कॉलेजची पुस्तके आणि त्यात ती वही. वही एक भरली की दुसरी निघायची. धवले अजून संपलेले नाहीत.